मौजे उंबरवाडी येथील दहा अवयवांची मोहीम

श्रीशारदा प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आश्विन मासापासून कार्तिक मासापर्यंत, परगणे पालम, जिल्हे परभणी, मौजे उंबरवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी अवयवांची जी मोहीम जाहली, तिची हकिकत लिहून पाठवावी, असा केंद्रप्रमुख साहेबांचा हुकूम मोबाईलवर येऊन थडकला. हुकुमात कलमे दोन. एक, अहवाल दोनशे शब्दांत बसवावा. दुसरे, शेवटी 'फलनिष्पत्ती' नामक रकाना आहे, तो कोरा ठेवू नये. ऐसियास, दोनशे शब्दांत गुरुजींच्या नाकाचाच मजकूर मावत नाही, आणि नाकावाचून ही मोहीम सांगता येत नाही. सबब लिहिणाराने मर्यादा सोडून, जे जैसे घडले ते तैसे, पराभव न लपविता आणि पदरचे काही न घालता, येथे उतरविले आहे. लिहिणारा कोण म्हणाल, तर गुरुजींच्या फार निकटचा इसम. इतका निकटचा, की गुरुजींस ठेच लागली म्हणजे कळ यास येते. वाचणारांनी याहून जास्त चौकशी करू नये.

राजमान्य राजश्री बन्सीधर गुरुजी, खडूधारी, हजेरीपटरक्षक, मतदारयादीधुरंधर, इयत्ता पहिली व दुसरीचे एकछत्री अधिपती, हे अंगाने किरकोळ, आवाजाने मध्यम, पण नाकाने थोर. त्यांचा मुक्काम पालमास, आणि तेथून रोज पंधरा वर्षे वयाच्या दुचाकीरूपी अश्वावर स्वार होऊन ते उंबरवाडीस येत, आणि अश्वाची मर्जी नसेल त्या दिवशी त्यास हाताने ढकलीत येत, आणि मग घामाघूम होऊन प्रार्थनेस उभे राहत. पदरी फौज एकवीस. पैकी पहिलीचे नऊ, दुसरीचे बारा. पायात चपला असलेले चौदा. नाक पुसलेले, कोणतीही वेळ धरली तरी, सहा. तिसरी-चौथीचा मुलूख मुख्याध्यापिका कुसुमबाईंकडे होता, आणि गुरुजींच्या पराक्रमांवर बारीक नजर ठेवून मंद हसणे हेही खाते त्यांच्याचकडे होते.

आता या मोहिमेस कारण काय पडले ते सांगणे अवश्य. उंबरवाडीची चाल ऐसी की, दिवाळी सरली म्हणजे मारुतीच्या पारापाशी ट्रक येऊन लागतात, आणि निम्मे गाव बोचकी-भांडी, कोयते, कोंबड्या घेऊन ऊस तोडावयास कूच करते, आणि त्यांच्या संगे गुरुजींची निम्मी फौजही रवाना होते. मग चैत्र-वैशाखात ती फौज परत येते तेव्हा उंचीने दोन बोटे वाढलेली, रंगाने एक छटा काळवंडलेली, आणि अक्षरओळख धुऊन पुसून स्वच्छ झालेली असते. गुरुजी पुन्हा 'अ' पासून आरंभ करतात. हे आठ वर्षे चालले होते, आणि दर वर्षी ट्रक गेल्यावर पोरांच्या बसण्याची रिकामी पट्टी पाहून गुरुजींस जे वाटे, ते त्यांनी कोणास सांगितले नाही. लिहिणारास मात्र ठाऊक आहे. फार वाईट वाटे.

त्या फौजेत दुसरीची ज्ञानेश्वरी नावाची सात वर्षांची मुलगी होती, बोलण्यास कमी, ऐकण्यास फार. एकदा ऐकलेले ती सोडीत नसे. तिचा बाप लिंबाजी आणि आई कस्तुराबाई हे दोघे दर साल उसाला जात, आणि आजी पारूबाई घर राखीत एकटी मागे राहत असे. गुरुजींनी लिंबाजीस गाठून रदबदली केली की, यंदा मुलीस आजीपाशी ठेवावे, शाळेत दुपारची खिचडी आहे, अभ्यासाचे गुरुजी पाहतील. लिंबाजी म्हणाला की, आई हो म्हणाली तर आपली हरकत नाही. तेव्हा गुरुजी खासे पारूबाईंच्या दरबारी, म्हणजे त्यांच्या ओट्यावर, हजर झाले. तेथे जो हुकूम झाला तो शब्दशः ऐसा:

"दोन वरसं झाली साळंत जायलीय, काय आलं हिला? माझंच मला व्हईना गुरुजी, आन हिचं कोन करील? काय शिकलीय ते दाखवा. साऱ्या गावाम्होरं दाखवा. मंग बगू. न्हाईतर जाऊ द्या आईसंगं."

यावर शहाण्या माणसाने विचार करून उत्तर दिले असते. पण गुरुजींस शौर्य चढले, आणि त्यांनी तेथल्या तेथे प्रतिज्ञा केली की, घटस्थापनेपासून पंधरा दिवसांच्या आत ज्ञानेश्वरीच काय, सारी पहिली-दुसरी, डोक्यापासून पायापर्यंत दहा अवयव इंग्रजीत दाखवील, तेही गावासमोर. आजी म्हणाल्या, "बरं." गुरुजी विजय मिळाल्यासारखे ओट्यावरून उतरले आणि शेवटची पायरी चुकले.

मग मोहिमेची तयारी जाहली. हेड, आय, इअर, नोज, टीथ, हँड, एल्बो, स्टमक, नी आणि फूट, असे दहा किल्ले मुक्रर केले, आणि पालमच्या बाजारातून एक रंगीत तक्ता आणविला. तक्त्यावर एक गोरा गोमटा, सोनेरी केसांचा, अर्ध्या चड्डीतला मुलगा, अंगभर बाण मारलेला, तरीही हसत उभा होता. खिचडी शिजविणाऱ्या बायनाबाईंनी कणकेची खळ करून दिली, आणि गुरुजींनी तो तक्ता व्हरांड्याच्या भिंतीस, मुलांच्या हातास पोहोचावा म्हणून मुद्दाम खालती चिकटविला. येथे गुरुजींचा अंदाज चुकला. जे मुलांच्या हातास पोहोचते ते शेळीच्या तोंडासही पोहोचते. दुसऱ्या दिवशी दुपारी, फौज खिचडीत गुंतली असता, शेजारच्या माणिकरावांची शेळी व्हरांड्यात शिरली, आणि खळीच्या वासावर भाळून तिने फूट घेतला, नी घेतला, स्टमक घेतला, दोन्ही एल्बोही घेतले, आणि छातीही संपवीत आली तेव्हा कुठे बायनाबाई उलथणे घेऊन धावल्या. उरला तो एक गोरा हसरा मुखडा. माणिकरावांनी घरून निरोप पाठविला की, शेळीस काही बाधले तर शाळा जबाबदार राहील.

कुसुमबाईंनी मसलत दिली की, दुसरा तक्ता आणावा आणि उंच लावावा. ही मसलत सरळ होती, म्हणून गुरुजींस रुचली नाही. ते म्हणाले, तक्त्याची गरजच काय? आम्ही जातीनिशी तक्ता होतो. कुसुमबाई मंद हसल्या.

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून गुरुजी तक्ता जाहले. पोरांचे चित्त खिळावे म्हणून त्यांनी एक युक्ती योजिली, आणि या युक्तीचा त्यांस त्या वेळी इतका अभिमान वाटला की टाचणवहीत तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. युक्ती ऐसी की, प्रत्येक अवयवास एक दुखणे लावावे. गुरुजी डोके धरून 'ओ माय हेड' असे किंचाळत खुर्चीत कोसळत, आणि पोट धरून 'ओ माय स्टमक' म्हणत फळ्यापाशी गडबडा लोळत, आणि मग गुडघा धरून एका पायावर वर्गभर नाचत, आणि फौज हसून हसून बेजार होई, आणि बोटे दाखवून ओरडे, 'हेड! स्टमक! नी!' सारी बोटे गुरुजींवर रोखलेली असत. एकाचेही स्वतःच्या अंगाकडे वळलेले नसे. गुरुजींनी हे पाहिले नाही काय? पाहिले. पाहून वहीत लिहिले की, 'विद्यार्थ्यांचे संपूर्ण लक्ष शिक्षकाकडे आहे.' तिसरी रेघही ओढली.

येणेप्रमाणे बारा दिवस कवायत चालली, आणि आश्विन शुद्ध त्रयोदशीस शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरून पालकमेळावा भरविला. सोयाबीनची काढणी टाकून लोक आले, हे गुरुजींच्या कीर्तीमुळे की शेळीच्या हकिकतीमुळे, ते निश्चित सांगवत नाही. पुढे लिंबाजी आणि कस्तुराबाई बसली. मध्यभागी पारूबाई पाय लांब करून बसल्या. कुसुमबाईंनी प्रास्ताविक केले. मग गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून मैदानात उभे राहिले, फौज समोर दोन रांगांत उभी केली, आणि सर्वांत सोपा किल्ला प्रथम घ्यावा, म्हणून त्यांनी मोठ्या आवाजात हुकूम सोडला: शो मी नोज!

हुकूम होताच एक सोडून वीस शिपाई एकदम उठावले. आघाडीस पहिलीचा हरिओम होता. तो थेट गुरुजींच्या पोटावर आदळला आणि सदऱ्यास लोंबकळून त्याने नाक हस्तगत केले, आणि मागून दुसरीचे अकरा आले, आणि ज्यांचा हात पोहोचेना ते खुर्चीवर चढले, आणि खुर्ची कलली, आणि चष्मा उडाला, आणि गुरुजींच्या थोर नाकास एका वेळी नऊ हात लागून 'नोज! नोज!' असा एकच गजर उठला. गुरुजी ओरडत होते की स्वतःचे, स्वतःचे दाखवा. पण नाक दाबलेले असल्याने ती आज्ञा स्पष्ट निघाली नाही. पाठीमागे ज्ञानेश्वरी शांतपणे आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. गर्दी ओसरल्यावर ती पुढे आली, टाच उंच करून तिने गुरुजींच्या नाकाच्या शेंड्यास एक बोट लावले, आणि 'नोज' म्हणून जागेवर परत गेली.

तेव्हाच तह मागावा, तर गुरुजींनी घाईघाईने दुसरा हुकूम सोडला: शो मी नी! मग एकवीसजण दोन गुडघ्यांस बिलगले, आणि गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यासकट सतरंजीवर आडवे जाहले.

गाव हसले. माणिकराव तर इतके हसले की त्यांस पाणी पाजावे लागले. पारूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी निकाल दिला तो ऐसा:

"गुरुजीचं सारं अंग शिकली पोरगी. सवताचं कवा शिकायची? कस्तुरा, बांध हिचं बी बोचकं."

ऐसी शिकस्त पूर्वी झाली नव्हती. गुरुजींनी चष्म्याची मोडकी काडी खिशात टाकली आणि परतीची वाट धरली, तो अश्वानेही त्याच दिवशी किक नाकारली. गावाच्या देखत विहिरीपर्यंत त्यास ढकलीत नेताना गुरुजींस अब्रूचे फारसे वाटले नाही. ती गेलीच होती. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. टाच उंच करून, पाळीची वाट पाहून, त्या मुलीने बोट कसे नेमके लावले होते! तिने शिकविलेले सारे घेतले होते. शिकविण्यातच काही बिघडले होते, आणि त्या बिघाडापायी ती ट्रकात बसणार होती.

दुसरे दिवशी गुरुजींनी वर्गात बसून ज्ञानेश्वरीस हळूच पुसले की, बाळे, बोट आपल्या नाकास का नाही लाविले? तिने हातातली पाटी खाली ठेविली. मग म्हणाली, "आजी म्हनली, दुखनं अंगावर दाखवू न्हाई."

गुरुजी उठले ते तडक पारूबाईंच्या ओट्यावर. आजी सुपात सोयाबीन पाखडीत होत्या. त्यांनी बसावयास पोते टाकले, बशीतून चहा दिला, आणि पुसल्यावरून सारा खुलासा केला. तो खुलासा गुरुजींच्या लहानपणी त्यांच्या आईनेही शेकडो वेळा केला होता, आणि तरी ते विसरले होते, हे येथे लाज सोडून नमूद करणे भाग आहे.

"पोरगी घरी येऊन कपाळाला हात लावून कण्हायली," आजी म्हणाल्या. "इचारलं तर म्हनली, गुरुजीचं डोस्कं दुखतंय, तसं करून दाखवायलेय. म्या हातावर मारलं. लोकाचं दुखनं आपल्या अंगावर दाखवू न्हाई, येऊन बसतंय ते. ज्याचं हाय त्याच्याच अंगावर दाखव म्हनलं. बाकीच्या लेकरांच्या घरी बी तेच सांगितलंय आमी म्हाताऱ्यांनी. वाईट केलं का?"

येणेप्रमाणे सारा भेद उघड जाहला. एकवीस पोरांनी एकवीस घरची शिकवण पाळली होती. दुखणी गुरुजींची, तर अवयवही गुरुजींचे. नोज म्हणजे गुरुजींस असते ते, आपणांस असते ते नाक. लेकरे चुकली नव्हती. सव्वीस वर्षे नोकरी झालेला, तीन रेघा ओढणारा एक मनुष्य चुकला होता.

गुरुजींनी चहा खाली ठेविला आणि पुसले, "पण आजी, दुखणं खरंच आपलंच असलं तर?"

"आपलं ते आपलंच की," आजी म्हणाल्या. "ते दाखवलं काय आन झाकलं काय. आता हे गुडघं बघा की. रातध्याड ठणकायलेत." आणि त्यांनी लुगड्यावरूनच उजव्या गुडघ्यावर हात फिरविला.

ज्ञानेश्वरी उंबऱ्यात उभी होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिले, आजींच्या गुडघ्याकडे पाहिले, आणि ते काही बोलण्याच्या आत मुलगी पुढे आली, आजीपुढे बसली, दोन्ही पंजे त्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "नी."

"काय म्हनली?"

"नी. आजी, हे नी हाय तुझं. दुखतंय ना?" आणि ती दाबू लागली.

आजींनी नातीस थांबविले नाही. मोहिमेचा निकालही बदलला नाही. बोचके बांधलेलेच राहिले. पण गुरुजी ओट्यावरून उतरले ते या खेपेस पायरी न चुकता.

मग दुसरी मोहीम सुरू जाहली, आणि ती पहिलीसारखी वाजतगाजत नव्हती. गुरुजींनी फौजेस हुकूम केला की, खोटी दुखणी बंद. प्रत्येकाने आपापल्या घरी, आळीत, जे म्हातारे माणूस असेल त्याचे खरे दुखणे शोधून काढावे, ते दुखते तेथे हात ठेवावा, त्याचे इंग्रजी नाव त्या माणसास सांगावे, आणि नाव सांगितल्याबद्दल थोडे दाबून द्यावे. यात कोणाच्या अंगावर परके दुखणे येत नाही, असा पारूबाईंचा दाखला आधीच घेतलेला होता.

हुकूम सुटला आणि फौज मुलूखभर पसरली. उंबरवाडीत म्हाताऱ्यांची आणि दुखण्यांची ददात नव्हती. पहिल्याच दिवशी बायनाबाईंचा एल्बो सर जाहला. दहा वर्षे खिचडीचे पातेले ढवळून तो गेलेलाच होता, आणि आता खिचडीच्या सुट्टीत चार पोरे त्यास आळीपाळीने तेल चोळू लागली. दुसरे दिवशी माणिकरावांचा इअर पडला. त्यांस ऐकू कमी येई, म्हणून हरिओम त्यांच्या कानास तोंड लावून 'इअर! इअर!' असे ओरडे, आणि माणिकराव दचकून म्हणत, "काय आग लागली काय रं?" आणि तरी दुसरे दिवशी आपण होऊन कान पुढे करीत. मग दिवाळीच्या फराळात उरलेसुरले टीथही पडले. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांत मिळून दात सतरा, आणि प्रत्येकाची विचारपूस झाली. फूट पडला, कारण भेगा सर्वांस होत्या. हँड, हेड, आय, स्टमक एकामागून एक आले. संध्याकाळी दूध घालावयास जाणाऱ्या बायका एकमेकींस पुसत, "तुझं नी काय म्हनतंय गं?" कुसुमबाईंनी हे ऐकले आणि त्या दिवशी त्या मंद न हसता चांगल्या हसल्या.

एकच किल्ला अजिंक्य राहिला, तो नोज. साऱ्या गावात दुखरे नाक एकही निघाले नाही. पोरांचे बोट अजून नोज म्हणताच गुरुजींकडे वळे. गुरुजी आरशात पाहून उसासे टाकीत.

कार्तिक शुद्ध षष्ठीस, दिवाळीची सुट्टी असताही, गुरुजी सकाळच्या एसटीने उंबरवाडीस उतरले. अश्वावर त्या दिवशी भरवसा ठेवण्याची छाती झाली नाही. पारापाशी ट्रक उभा होता. भांडी चढत होती, शेळ्या ओढल्या जात होत्या, आणि कस्तुराबाईच्या शेजारी ज्ञानेश्वरीचे छोटे बोचके आवळून बांधलेले, तयार ठेवलेले होते. गुरुजी एका बाजूस लिंबाखाली उभे राहिले. आठ वर्षे ते याच झाडाखाली उभे राहत आले होते.

इतक्यात पारूबाई काठी टेकीत आल्या, पाराच्या पायरीवर बसल्या, आणि साऱ्या गर्दीसमोर त्यांनी नातीस हाक मारून फर्माविले, "दाखव."

मग काय सांगावे! ज्ञानेश्वरी आजीपुढे उभी राहिली, आणि पांढऱ्या केसांवर हात ठेवून म्हणाली हेड, आणि मोतीबिंदूच्या डोळ्याजवळ हळूच बोट नेऊन म्हणाली आय, आणि पाण्याने तट्ट होणारे पोट, आणि काठीने घट्टे पडलेला हात, आणि कोपर, आणि कान, आणि आजीने तोंड उघडल्यावर उरलेले तीन दात मोजून टीथ, आणि खाली बसून नी, आणि भेगाळलेला फूट. नऊ किल्ले एका दमात पडले. आणि मग दहावा आला.

ज्ञानेश्वरी उठली. तिने मान वळवून लिंबाखाली उभ्या गुरुजींच्या नाकाकडे पाहिले. एक पाऊल तिकडे टाकलेही. साऱ्या मोहिमेत बन्सीधर गुरुजींनी एकच डाव ऐन वेळी अचूक टाकला असेल, तर तो या क्षणी. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आपले नाक संपूर्ण झाकून घेतले.

मुलगी थबकली. तिने विचार केला. मग ती परत वळली, आजीच्या नाकातली जुनी फुली जेथे रुतून लाल झाली होती तेथे बोट टेकवून म्हणाली, "नोज. आजी, इथं बी दुखतंय तुला. तू सांगितलं न्हाईस."

पारूबाईंनी तिचे बोट हातात धरले. मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "हिचं बोचकं उतरव कस्तुरा. ऱ्हाऊ दे माझ्यापशी. इतकं इचारून माझं अंग कुनी कवा दाबलंय?"

कस्तुराबाईने बोचके उचलले आणि सासूच्या पायाशी ठेविले. मुलीचे केस दोनदा सारखे केले, ते आधीच सारखे होते. "शीक गं माय," एवढेच ती म्हणाली. लिंबाजीने मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि लगबगीने ट्रकात चढला. ट्रक हलला, वळणापर्यंत कस्तुराबाईचा हात वर दिसत होता, आणि ज्ञानेश्वरी त्याकडे पाहून ओठांतल्या ओठांत 'हँड, हँड' म्हणत होती, आणि मग ट्रक सोयाबीनच्या मोकळ्या रानापलीकडे गेला आणि हात दिसेनासा झाला.

गुरुजींच्या मनात येथे दोन शब्दांचे विजयाचे भाषण होते. तेवढ्यात त्यांचा सदरा कोणी ओढला. खाली पाहतात तो ज्ञानेश्वरी. तिने उजवा हात उचलला आणि या साऱ्या मोहिमेत गुरुजींच्या देखत पहिल्याप्रथमच बोट स्वतःच्या अंगास लाविले. गळ्यास.

"गुरुजी, ह्याला काय म्हनतेत? इथं दुखायलंय."

पारूबाईंनी ते पाहिले, आणि अंगावर दाखवू नको असे त्या म्हणाल्या नाहीत.

येणेप्रमाणे मौजे उंबरवाडीची मोहीम फत्ते जाहली, ती सरकारी नमुन्यात नोंदविली असे. काबीज अवयव दहा. कामी आले: तक्ता एक, शेळीच्या मुखे; चष्म्याची काडी एक; गुरुजींची अब्रू, काही अंशी. फलनिष्पत्ती: यंदा इयत्ता दुसरीची एक मुलगी गावात राहिली. अकरावा अवयव गळा. त्याचे इंग्रजी नाव गुरुजींस पक्के ठाऊक होते, पण त्या सकाळी ते त्यांच्या तोंडून काही केल्या निघाले नाही. का निघाले नाही, हे लिहिणारास खात्रीने ठाऊक आहे, कारण त्यासही तेथेच दुखत होते.